जिवंत पेशी बघायची तर रंग लावू नका

कांद्याचा पापुद्रा सॅफ्रानिनमध्ये बुडवायचा, आकृती काढायची, जर्नलवर सही घेतली की सुटलो! अकरावीच्या प्रॅक्टिकलला तेवढं पुरतं. पण त्या रंगात पेशी मरते, आणि खरी गंमत मेलेल्या पेशीत नाही.

त्यापेक्षा हायड्रिला ही पाणवनस्पती आणा. माशांच्या टाक्या विकणाऱ्यांकडे मिळते; तळ्यातली चालेल, फक्त स्वच्छ धुऊन घ्या. फांदी कोमट पाण्यात घालून पंधरा मिनिटं टेबललॅम्पखाली ठेवा. थंडीच्या दिवसांत हे टाळू नका, गारठलेली पेशी ढिम्म हलत नाही. मग शेंड्याजवळचं एक हिरवंगार पान चिमट्याने तोडा. काप घ्यायची गरज नाही, पानात जेमतेम पेशींचे दोन थर असतात.

स्लाइडवर पाण्याचा थेंब, त्यात पान, वर कव्हरस्लिप तिरकी टेकवून हळूच सोडायची, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. १० एक्सखाली मधली शीर शोधा, मग ४० एक्स लावा. (महागडा मायक्रोस्कोप नको. रॉबर्ट ब्राउनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींतल्या केंद्रकाचं वर्णन केलं, तेव्हा तो एका भिंगाचं साधं यंत्र वापरायचा.)

आता हिरवे ठिपके दिसतील, ती हरितलवकं. एकेक जेमतेम ०.००५ मिलिमीटरचं. सुरुवातीला काहीच घडत नाही आणि बहुतेक जण इथेच उठतात. उठू नका. एकच पेशी धरून बसा. एक ठिपका सरकतो, मागून दुसरा, आणि बघता बघता दिंडी निघाल्यासारखी रांग भिंतीच्या कडेकडेने चालू लागते. कोपऱ्यावर थोडी चेंगराचेंगरी, की पुन्हा पुढे. कडेनेच का? मधली जागा रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने, अडवलेली असते. ठिपके आपले आपण पोहत नाहीत बरं. कडेला ॲक्टिनचे बारीक धागे असतात. त्यांवरून मायोसिन नावाचं प्रथिन एटीपी हे पेशीचं इंधन खर्च करत पावलं टाकतं आणि सगळं पेशीद्रव ओढलं जातं. आपला दंड वळतो तोही मायोसिनच्याच भाऊबंदांमुळे!

शेवटी मिठाचं पाणी. कव्हरस्लिपच्या एका कडेला थेंब सोडा, दुसऱ्या कडेला टीपकागद लावून ओढून घ्या. पेशीचा ऐवज भित्तिकेपासून सुटून आक्रसतो. लगेच साधं पाणी दिलंत, तर बऱ्याच पेशी पुन्हा फुगतात. हा प्रयोग ऱ्हिओच्या पानाखालच्या जांभळ्या सालीवर आणखी ठसठशीत दिसतो.