पेशीचं मॉडेल बनवताना या चुका टाळा

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला पेशीचं गणित घेतलं की बहुतेक जण थेट डिफरन्शियल समीकरणं लिहायला बसतात. त्याआधी पाठकोऱ्या कागदावर रेणू मोजा. ई. कोलाय या जिवाणूचं आकारमान साधारण १ फेम्टोलिटर (१०^-१५ लिटर), त्यात १ नॅनोमोलर (लिटरमागे १०^-९ मोल) म्हणजे जेमतेम ०.६ रेणू. तुमच्या मॉडेलमध्ये एखादं प्रथिन ०.३ नॅनोमोलरवर स्थिरावत असेल, तर तो आकडा एका पेशीबद्दल काही सांगत नाही. रेणू तिथे असेल किंवा नसेल. रेणू स्वतंत्रपणे बनत आणि मोडत असतील, तर सरासरी १६ असताना ४ (१६ चं वर्गमूळ) इकडेतिकडे होणारच. अशा ठिकाणी गिलेस्पी अल्गोरिदम (एकेक अभिक्रिया यादृच्छिकपणे घडवून रेणू मोजणारी पद्धत) वापरा.

सगळ्यात जास्त घोळ तापमानाचा होतो, आणि तो आपल्या भागात हमखास होतो. पुस्तकातलं ‘रूम टेम्परेचर’ २५ अंशांचं असतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे एसी नसलेल्या प्रयोगशाळेत दुपारी पारा ४० च्या घरात जातो. केल्विनमध्ये २९८ चे ३१३ झाले, फरक ५ टक्क्यांचा, म्हणून मुलं तो सोडून देतात. पण पाण्याची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ०.८९ वरून ०.६५ मिलिपास्कल-सेकंदावर उतरते. स्टोक्स-आइन्स्टाइन सूत्रात दोन्ही बदल घातले की विसरण गुणांक (कण किती झपाट्याने पसरतात ते) सुमारे ४३ टक्क्यांनी वाढतो. सूक्ष्मकणांच्या थरथरीवरून बोल्ट्झमनचा स्थिरांक काढताना २५ अंशांचे आकडे घातलेत, तर उत्तर तितकंच जास्त येईल. तापमान सूक्ष्मदर्शकाच्या स्टेजजवळच मोजा; दिव्याची उष्णताही तिथेच असते.

त्याच कोरड्या हवेत काचपट्टीवरचा थेंब कडेने सुकतो, पाणी वाहू लागतं आणि सगळे कण एका दिशेला सरकतात. मग सरासरी वर्ग-विस्थापन (कण मूळ जागेपासून किती सरकला त्याच्या वर्गाची सरासरी) वेळेऐवजी वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढताना दिसतं, आणि रिपोर्टात ‘सक्रिय वाहतूक आढळली’, म्हणजे पेशीच ऊर्जा खर्चून कण हलवते, असं छापलं जातं! कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा, सगळ्या कणांचं सरासरी सरकणं वजा करा आणि मारलेल्या पेशींवर तोच प्रयोग करून बघा.

सोयाबीनच्या बियाण्याला लावतात त्या ब्रॅडीरायझोबियम जिवाणूवर काम करणाऱ्यांनी ई. कोलायचा २० मिनिटांचा दुप्पट-काळ (पेशींची संख्या दुप्पट व्हायला लागणारा वेळ) उचलू नये. तो उत्तम माध्यमात, ३७ अंशांवरचा आहे. ब्रॅडीरायझोबियमला कित्येक तास लागतात. वाढत्या पेशीत न मोडणारं प्रथिनही विभाजनागणिक विरळ होतं. त्याचा दर ०.६९३ भागिले दुप्पट-काळ, म्हणजे उसना आकडा घेतला तर हा दर दहापटीहून जास्त चुकतो.

आणि आठ बिंदूंवर सहा पॅरामीटर बसवून जुळलेला आलेख पुरावा मानू नका. वेगळ्या तापमानाला काय येईल ते मॉडेलवरून आधी काढा, तारखेसह वहीत लिहा, आणि मगच प्रयोग लावा.