पावसानंतरची हिरवळ आणि उंटांचा कळप

कोरड्या मुलखात पाऊस पडून गेला की कळप घेऊन फिरणाऱ्या पशुपालकाचा जीव जरा थाऱ्यावर येतो. पाला फुटतो, पाण्यासाठीची पायपीट थांबते. उंट राखणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून राहायचं ते मात्र याच दिवसांत. वजनाच्या पाव हिश्शाएवढं पाणी अंगातून गेलं तरी उंट तग धरतो आणि पाणवठा गाठला की थोड्या वेळात 100 लिटर पिऊन घेतो. चिखल, दमट हवा आणि माश्या त्याला सोसत नाहीत.

चिखलात त्याचे गादीदार तळवे घसरतात, मागचे पाय फाकतात आणि जनावर कायमचं बसू शकतं. म्हणून मुक्काम उंचवट्यावर, वाळूच्या किंवा खडीच्या जमिनीवर करा.

सर्वांत मोठा धोका सर्रा या रोगाचा. डांस (गुरांना चावणाऱ्या मोठ्या माश्या) आणि तशाच चावऱ्या माश्या याचे रक्तातले परजीवी एका उंटाकडून दुसऱ्याकडे नेतात. थरच्या वाळवंटातले रायका पशुपालक या रोगाला ‘तिबरसा’ म्हणतात, म्हणजे तीन वर्षं रेंगाळणारा. ताप येतो-जातो, वशिंड ओसरतं, हिरड्या फिक्या पडतात, पोटाखाली सूज येते, गाभण सांडणी (उंटाची मादी) गाभडते. अनुभवी पशुपालक मुताच्या वासावरून रोग ओळखतात. याला हसू नका, पण तेवढ्यावर औषधही देऊ नका. ताप चढलेला असताना रक्ताचा नमुना तपासायला द्या. परजीवी रक्तात सतत दिसत नाहीत, त्यामुळे एकदा काही सापडलं नाही म्हणून जनावर निरोगी ठरत नाही. औषध पशुवैद्यकाकडूनच घ्या. गुरांसाठी सर्रास वापरलं जाणारं डिमिनाझीन गुरांच्या मापाने उंटाला दिलं तर विषबाधा होते. मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही औषधं मिसळलेलं कोंबड्यांचं खाद्यही उंटाच्या जिवावर बेततं. उंट म्हणजे उंच गाय, हा समज महागात पडतो.

माश्या टाळण्याचा जुना उपाय अजूनही चांगला: पाणवठ्यावर पाणी पाजून लगेच निघायचं, दाट झाडीजवळ मुक्काम करायचा नाही, संध्याकाळी धूर करायचा. उत्तर केनियातले गाब्रा आणि रेंडिले पशुपालक दुभत्या सांडण्या वस्तीजवळ ठेवतात आणि बाकीचा कळप तरुणांबरोबर दूर पाठवतात. त्यामुळे चराईवरचा ताण वाटला जातो.

हिरवा पाला पाणचट असतो, त्यात मीठ कमी. उंटाला इतर गुरांपेक्षा कितीतरी जास्त मीठ लागतं. खाऱ्या वनस्पती चरायला नसतील तर मोठ्या जनावराला रोज 50-60 ग्रॅम सुटं मीठ द्या. नुसती मिठाची वीट टांगून भागत नाही.

थंडी पडायच्या आत खरूज बघून घ्या. डोकं, मान, मांड्यांची आतली बाजू इथे केस जाऊन कातडी जाड होते. बाधित उंट वेगळा करा. त्याचा दोर आणि खोगीर दुसऱ्याला लावू नका. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कातडीखाली देतात आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. तोवर त्या सांडणीचं दूध वापरायचं की नाही, ते पशुवैद्यकाला आधी विचारा. खरूज माणसालाही लागते, हात धुवा.

थंडीत नर माजावर येतो. तोंडातून फेस काढतो, टाळूचा फुगा बाहेर टाकतो, खाणं जवळजवळ सोडतो आणि चावतो. त्याला आधीच खाऊ-पिऊ घालून तयार करा. 30-50 सांडण्यांना एक नर पुरतो, पण तो कळपातल्याच आईबापांचा नको. गाभणकाळ सुमारे 13 महिन्यांचा, म्हणून गेल्या थंडीत फळलेल्या सांडण्या याच सुमारास वितात.

पहिला चीक पिल्लाला बाधतो असं मानून तो फेकून देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती सोडाच. पहिल्या काही तासांत पिल्लाच्या पोटात चीक गेला नाही तर रोगांशी लढायला त्याच्याकडे काहीच उरत नाही. एकदम पोटभर पाजायची भीती वाटत असेल तर थोडाथोडा, पण अनेकदा पाजा. पुढे दूध काढताना पिल्लाला आधी तोंड लावू द्या, त्याशिवाय सांडणी पान्हा सोडत नाही. चारपैकी दोन सड त्याच्यासाठी राखा.