पालक-मेथीला अळ्यांचं खत: आधी मोड, मग पेरणी

इंदूरमध्ये ओला कचरा घरातच वेगळा होतो. तो ब्लॅक सोल्जर फ्लाय या काळ्या माशीच्या अळ्यांना खाऊ घातला की मागे भुरकट, भुसभुशीत खत उरतं: अळ्यांची विष्ठा, टाकलेली कात आणि न खाल्लेला चोथा. त्यात नत्र साधारण 2 ते 4 टक्के असतं, म्हणजे शेणखताच्या कितीतरी पट. म्हणूनच हात आखडता ठेवायचा.

ताजं खत थेट घालू नका. त्यात अमोनिया आणि क्षार जास्त असतात, कोवळी मुळं करपतात. ओलसर करून, झाकून, आठवड्यातून एकदा उलथत 3-4 आठवडे मुरू द्या. नाकात झिणझिणलं तर अजून कच्चंच आहे.

खात्री स्वयंपाकघरातच होते. 1 वाटी खत 10 वाट्या पाण्यात रात्रभर ठेवून गाळा. त्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात मेथीचे 10 दाणे बांधा, साध्या पाण्यात भिजवलेल्या दुसऱ्या फडक्यात आणखी 10. तिसऱ्या दिवशी उघडा. मोड दोन्हीकडे सारखे लांब, पांढरे हवेत. खताकडचे आखूड, टोकाला तपकिरी दिसले तर आणखी दोन आठवडे थांबा.

माळव्याची काळी माती पाणी धरते आणि कुंडीत दगडासारखी आवळते. तिच्यात तिसरा हिस्सा वाळू मिसळा. 12 इंची कुंडीला 100 ग्रॅम खत, वाफ्याला चौरस मीटरला अर्धा किलो, वरच्या चार बोटं मातीत कालवून. पाणी देऊन आठवडाभराने पेरा. मेथीला निम्मंच पुरे. ती मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र स्वतःच घेते.

पालकाच्या प्रत्येक कापणीनंतर कुंडीला 2 चमचे खत मातीत मिसळा, पानांवर मात्र नको. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर खत वाढवू नका. ती बहुधा लोहाची कमतरता असते: आपली माती अल्कधर्मी, त्यात पाणी साचलं की लोह मुळांना मिळत नाही. आधी निचरा सुधारा.

गडद हिरवं, लुसलुशीत पान म्हणजे पौष्टिक पान, हा गैरसमज. जादा नत्राने पानात नायट्रेट (नत्राचंच एक रूप, खाण्यात जास्त नको) साठतं, सावलीत तर अधिकच. कुंडीला 5-6 तास ऊन द्या आणि भाजी सकाळऐवजी संध्याकाळी कापा. दिवसभराच्या उन्हात बरंच नायट्रेट वापरलं गेलेलं असतं.