डिफॉल्ट किंमतींचा नियम लावण्याआधी

महापेच्या आपल्या टीममध्ये सोमवारपासून चेकस्टाइल या जावा कोड तपासणाऱ्या टूलचा ‘एक्स्प्लिसिट इनिशिअलायझेशन’ हा नियम लावतोय. आपोआप मिळणारी (डिफॉल्ट) किंमतच कुणी पुन्हा लिहून दिली तर तो ते दाखवतो. ठाण्याहून घरून काम करणाऱ्यांनीही शुक्रवारपर्यंत खालची तयारी करून ठेवा.

आधी नियम काय पकडतो ते समजून घ्या. जावात क्लासच्या फील्डला (क्लासमध्ये थेट लिहिलेल्या व्हेरिएबलला) काही दिलं नाही तरी आकड्याला 0, बूलियनला फॉल्स आणि रेफरन्सला (ऑब्जेक्टकडे बोट दाखवणाऱ्या फील्डला) नल, म्हणजे ‘कोणताच ऑब्जेक्ट नाही’, आपोआप मिळतं. तरीही ‘= 0’ लिहिलं की तीच किंमत दुसऱ्यांदा भरली जाते. त्यात वेळ नगण्य जातो. मला खटकतं ते हे, की वाचणाऱ्याला तो 0 मुद्दाम दिलाय असं वाटतं आणि तो कारण शोधत बसतो.

लोकल, म्हणजे मेथडच्या आतल्या, व्हेरिएबलना हात लावू नका. त्यांना डिफॉल्ट नसतं, किंमत न देता वापरलं तर कंपाइलर अडवतो. फायनल (एकदाच किंमत मिळणारी) फील्ड हा नियम स्वतःच सोडून देतो. सी++ सांभाळणाऱ्यांनी मात्र ही सवय तिकडे नेऊ नये, तिथल्या साध्या इंट मेंबरमध्ये (फील्डमध्ये) कचरा राहू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ यासाठी ठेवा: पेरेंट क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमधून) चाइल्ड क्लासने ओव्हरराइड केलेली, म्हणजे बदलून लिहिलेली, मेथड बोलावली जाते का, ते शोधा. ती मेथड चाइल्डच्या फील्डमध्ये किंमत भरते, मग पेरेंटचं काम संपल्यावर चाइल्डचे इनिशिअलायझर (फील्डपुढचे ‘= ...’ भाग) चालतात आणि ‘= नल’ ती किंमत पुसून टाकतं. ती ओळ काढली की किंमत टिकते, म्हणजे प्रोग्रामची वागणूक बदलते. स्टॅटिक (अख्ख्या क्लाससाठी एकच असलेल्या) फील्डमध्येही तेच होतं. वरच्या ओळीत ऑब्जेक्ट बनवताना कन्स्ट्रक्टर काउंटर वाढवतो आणि खालचं ‘काउंटर = 0’ तो परत शून्यावर आणतं. अशा क्लासची यादी करा, त्यांच्या टेस्ट आधी लिहा, आणि आयडीईचं (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरचं) ‘सगळं दुरुस्त करा’ तिथे अजिबात वापरू नका.

नियमाची सिव्हिरिटी (गांभीर्याची पातळी) सुरुवातीला वॉर्निंग ठेवा. मेव्हन या बिल्ड टूलचा चेकस्टाइल प्लगइन मुळात एररवरच बिल्ड पाडतो, त्यामुळे कुणाचं काम अडणार नाही. जनरेट झालेला कोड सप्रेशन फाइलमध्ये (तपासणीतून वगळायच्या कोडच्या यादीत) टाका. या दुरुस्त्यांचा कमिट वेगळा करा, त्यात फीचरचा एकही बदल नको. जुनी मॉड्यूल फार ओरडत असतील तर तिथे पहिल्यांदा फक्त ऑब्जेक्ट रेफरन्स तपासण्याचा पर्याय चालू करा, आकडे आणि बूलियन पुढच्या फेरीत घेऊ.