लॉर्ड लेफ्टनंट भेटणार असतील तर: मुलांच्या नागरिकत्व सोहळ्याला इंग्लंडला निघालेल्या गावाकडच्या पालकांसाठी

मुलाच्या किंवा मुलीच्या ब्रिटिश नागरिकत्वाच्या सोहळ्याला राजाचे प्रतिनिधी म्हणून ‘लॉर्ड लेफ्टनंट’ किंवा त्यांचे सहायक ‘डेप्युटी लेफ्टनंट’ येणार असे कळले की, हे तिकडचे कलेक्टर की पालकमंत्री, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. ते दोन्ही नव्हेत.

हे पद समजून घेण्यासाठी पोळा आठवावा. पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली, तरी आपल्याकडच्या अनेक गावांत तोरणाखाली पहिली जोडी पाटलांच्याच घरची उभी राहते आणि झडत्या म्हणून झाल्यावर तीच आधी सुटते. मान शाबूत आहे, हुकूम मात्र चालत नाही. लॉर्ड लेफ्टनंट हे पद सोळाव्या शतकात, आठव्या हेन्रीच्या काळात, काउंटीतील (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातील) शिबंदी जमवण्यासाठी निर्माण झाले. १८७१ मध्ये शिबंदीचा ताबा त्याच्याकडून काढून घेण्यात आला आणि पुढे मुख्यतः मानच उरला. पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजा ही नेमणूक करतो, तिला पगार नाही, आणि वयाच्या ७५ व्या वर्षी निवृत्ती ठरलेली आहे. राजघराण्यातील व्यक्ती काउंटीत आल्यास त्यांचे स्वागत करणे, राजाच्या वतीने पदके प्रदान करणे आणि नव्या नागरिकांचे स्वागत करणे ही त्यांची कामे होत.

सोहळा स्थानिक कौन्सिल भरवते, म्हणून किती पाहुणे चालतील हे तिच्या पत्रात आधी पाहावे. लष्करी धाटणीचा गडद निळा गणवेश दिसल्यास पोलीस अधिकारी समजून बिचकू नये. पुष्कळदा तर ते साध्या सुटातच येतात. बोलताना ‘लॉर्ड लेफ्टनंट’ एवढे संबोधन पुरे. पाया पडू नये. हस्तांदोलन किंवा आपला नमस्कार पुरेसा आहे. शपथ फक्त नव्या नागरिकाने घ्यायची असते, राष्ट्रगीताला मात्र सर्वांनी उभे राहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे निवेदन नेऊ नये. मी स्वतः पुतण्याच्या व्हिसाचा अर्ज, वर ‘मा. राजप्रतिनिधी साहेब यांचे सेवेशी’ असे लिहून, प्लास्टिकच्या फाइलीत घालून नेला होता. मुलीने तो आदल्या रात्री बॅगेतून काढून घेतला, आणि तिचे बरोबर होते. व्हिसा गृहखात्याचा विषय आहे. लॉर्ड लेफ्टनंटांना त्यात शिफारस करण्याचाही अधिकार नाही, शिवाय पक्षीय राजकारणापासूनही त्यांना अलिप्त राहावे लागते. त्याऐवजी गाव, कपाशी, यंदाचा पाऊस यांविषयी दोन शब्द बोलावेत. ते आस्थेने ऐकतात.

प्रमाणपत्र हाती आल्यावर फोटोच्या घाईत नावाचे स्पेलिंग तपासायचे राहून जाते. ‘ज्ञानेश्वर’ लिहिताना तर हमखास घोळ होतो. अशी चूक दिसल्यास प्रमाणपत्र देणाऱ्या लॉर्ड लेफ्टनंटांना न थांबवता, सभागृह सोडण्यापूर्वी कौन्सिलच्या कर्मचाऱ्यांना ती दाखवावी.