कोकणातल्या शेताला कुंपण कोणतं घालावं? आधी ठसे बघा

आमच्या काजूच्या बागेला पहिलं कुंपण मी घातलं ते शेजाऱ्याचं बघून. सिमेंटचे खांब, दहा-दहा फुटांवर, काटेरी तारेचे चार पदर. दिसायला झकास. गणपती झाले आणि एका रात्रीत सुरण, कणगरं सगळी उकरून टाकलेली. खालच्या तारेला डुकराचे राठ केस अडकले होते, एवढाच काय तो तारेचा उपयोग. शेजाऱ्याकडे त्रास गुरांचा होता, माझ्याकडे डुकरांचा. मला हे कळायला तारेचे पैसे जावे लागले.

आधी चोर ओळखा

पंधरा दिवस सकाळी हद्दीवरून फेरी मारा. पावसाळ्यात आणि त्यानंतर ओल असेपर्यंत ठसे चांगले उमटतात. जमीन नांगरल्यासारखी उकरली असेल तर रानडुक्कर. नारळाच्या रोपाचा बुंधा कुरतडलेला आणि जवळ पट्ट्यापट्ट्यांचा काटा पडलेला दिसला तर साळिंदर. बैलापेक्षा मोठा खूर म्हणजे बहुधा गवा. अर्धवट चावून टाकलेले आंबे, तोडून फेकलेली शहाळी हे माकडांचं काम. भातकापणीनंतर गावातली गुरं उनाड सुटतात, त्यांच्यापायी तर कुळीथ आणि भाजीचे मळे राखणं कठीण होतं.

मग हद्द आणि घेर

कुंपणाचा खर्च क्षेत्रावर नसतो, घेरावर असतो. एक एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. हेच क्षेत्र चौरस असेल तर घेर साधारण 835 फूट येतो. पण वाटण्या होऊन आपल्याकडे लांबच लांब पट्टे पडलेत. तोच एकर 33 फूट रुंद आणि 1,320 फूट लांब असेल तर घेर 2,706 फूट, म्हणजे तिपटीहून जास्त! अशा पट्ट्यात लगतच्या भावबंदांशी बोलून सगळ्यांच्या बाहेरून एकच कुंपण घातलं तर निम्म्याहून जास्त पैसे वाचू शकतात. बोलणं जमलं पाहिजे, हे खरं.

सातबारा सामाईक असेल तर मुंबईतल्या काका-चुलत्यांना आधी फोन करा. हद्दीबद्दल शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून घ्या. वहिवाटीची पाणंद किंवा वहाळ (ओढा) अडवू नका, नाहीतर प्रकरण तहसीलदारांपर्यंत जातं.

आता कुंपण निवडा

गुरं एवढाच त्रास असेल तर गडगा (नुसते दगड रचून केलेली भिंत) किंवा वई (झाडाझुडपांचं कुंपण) पुरते. जमिनीत दगड निघत असेल तर गडग्यासारखं दुसरं काही नाही. खारा वारा त्याला लागत नाही, वणवा जाळत नाही, वादळात झाड पडलं तर चार दगड परत रचायचे. मजुरी मात्र जबर, आणि रचणारे हात कमी झालेत.

जिवंत वईसाठी गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या काठ्या पहिल्या पावसात फूट-दीड फुटावर लावा. दरवर्षी छाटून पाला भातखाचरात टाकता येतो. मधून करवंद किंवा सागरगोटा लावला की काट्यांची भिंत होते, पण तीन-चार वर्षं धीर हवा. शेराची वई भराभर वाढते, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार वाईट. लहान मुलं असलेल्या घराजवळ मी तो लावणार नाही.

डुकरांसाठी जाळी लागते. ती तळाशी फूटभर जमिनीत पुरलेली हवी, किंवा खाली चिऱ्याची एक ओळ बसवून त्यावर ताणलेली. डुक्कर उडी मारायच्या आधी नाक खाली घालून उचकटतो. त्यामुळे वर सहा फूट जाळी आणि खाली वीतभर फट, असं केलं तर पैसे फुकट.

गवा आणि डुक्कर दोन्ही असतील तर सौर झटका मशीन. ते सतत करंट सोडत नाही, साधारण सेकंदाला एक क्षणभराचा झटका देतं. त्यामुळे जनावर घाबरतं, मरत नाही. सर्वात खालची तार जमिनीपासून सहा ते नऊ इंचांवर ठेवा. आपल्याकडे दोन अडचणी येतात. पावसाळ्यात रान माजून तारेला टेकतं आणि झटका जमिनीत जातो, म्हणून पंधरवड्याला कोयता चालवावा लागतो. उन्हाळ्यात कातळ कोरडाठाक पडतो आणि अर्थिंग मिळत नाही, तेव्हा एक तार झटक्याची, एक अर्थिंगची अशी आलटून पालटून ओढा. घरातली वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मेलेली आहेत. अनुदान चालू आहे का, ते खरेदीआधी वनखात्यात आणि कृषी कार्यालयात विचारा.

माकडांसाठी? विक्रेता काही सांगो, नुसत्या कुंपणाने माकड थांबत नाही. हद्दीवर झुकलेल्या फांद्या तोडा, झटक्याच्या तारा जाळीच्या माथ्यावर घ्या, आणि तरीही राखण लागणार असं धरून चाला.

उभारताना

खाडी किंवा समुद्र जवळ असेल तर जस्ताचा जाड थर असलेली तार घ्या. स्वस्त तार खारट हवेत लवकर लाल पडते. सिमेंटच्या खांबाला आधीच चीर असेल तर आतली सळई गंजून तो फुटतो, तेव्हा उतरवून घेतानाच एकेक तपासा. खड्डा दीड ते दोन फूट. कातळात तो पहारीने होत नाही, ब्रेकर लावावा लागतो, ते भाडं अंदाजपत्रकात धरा. कोपऱ्याच्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरका टेकू द्या, तार ताणताना सगळा भार तिथेच येतो.

शिमग्याच्या आधी कुंपणालगतचा पातेरा (सुका पालापाचोळा) ओढून दहा फुटांचा पट्टा साफ करा. वणव्यात जिवंत वई आणि बांबूचे खांब पहिले जातात.

बेडं (कुंपणातलं फाटक) डोकीवर भारा घेतलेल्या माणसाला सहज जाता येईल एवढं रुंद ठेवा. आणि कुंपण वहाळ ओलांडतं तिथे जाळी ताणू नका. पहिल्याच पुरात पालापाचोळा अडकून ती खांबांसकट जाते. वरून एक जाड तार ओढून तिला बांबूचे तुकडे सुटे लोंबकळत बांधा. पाणी आलं की ते वर उचलले जातात, ओसरलं की परत खाली येतात. माझ्याकडचे डुक्कर शेवटी तिथूनच येत होते.