पावसातली पानं, ऑक्टोबरचं ऊन

कॅमेऱ्याविना, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर पानंफुलं ठेवून उन्हात, छायाचित्रं करायला शिकायचं असेल, तर आघाड्याच्या तुऱ्यापासून सुरुवात करा. मी जास्वंदीपासून केली होती आणि हाती आला निळ्या कागदावरचा एक पांढरा गोळा. जाड फुलातून प्रकाश जात नाही, आणि ते कागदापासून उंच राहत असल्यामुळे कडांखाली उजेड शिरून सगळी रेषा पुसट होते. आघाडा, कुर्डू, नेचे, गवताची कणसं मात्र कागदाला अंगभर चिकटतात. टाकळाही उत्तम, फक्त तो सकाळी खुडावा, संध्याकाळ झाली की त्याची पानं मिटतात.

या पद्धतीला सायनोटाइप म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी ती १८४२ मध्ये शोधली. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्स या इंग्रज अभ्यासक बाईंनी समुद्री शेवाळांचे ठसे या पद्धतीने उतरवायला घेतले, आणि हे काम त्यांनी दहा वर्षं चालवलं. शेवाळाचे केसासारखे तंतू हाताने रेखाटणं फार अवघड, म्हणून त्यांनी शेवाळच कागदावर ठेवलं. मी अडते तेव्हा त्यांचे ठसे काढून बघते. एकेक तंतू सुटा दिसतो.

द्रावणं दोन. १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, आणि दुसऱ्या बाटलीत तेवढ्याच पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड. लागतील तेवढीच, समप्रमाणात, मंद पिवळ्या उजेडात मिसळायची आणि जाड जलरंगाच्या कागदावर ब्रशने पातळ हात द्यायचा. हातमोजे घाला, भांडी स्वयंपाकघरातली नकोत, आणि फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल कधीही आणू नका. कागद अंधारात वाळला की त्यावर पान, वर काच, आणि गच्चीवर ऊन.

आपल्याकडची खरी अडचण पंचांगाची आहे. रानवनस्पती भरभरून येतात श्रावण-भाद्रपदात आणि नेमकं तेव्हाच ऊन नसतं. आभाळ भरलेलं असतानाही ठसा उमटतो, पण प्रकाश चहूबाजूंनी येतो, त्यामुळे सावलीला धार राहत नाही. दोन पावसाळे मी त्या पुसट ठशांवर घालवले. आता पावसात फक्त जमवते: वर्तमानपत्राच्या घड्यांत पानं, वर जाड पुस्तकं, पहिला आठवडा रोज कागद बदलायचा, नाहीतर बुरशी येते. प्रत्येक घडीवर झाडाचं स्थानिक नाव, जागा आणि तारीख लिहिते. ठसे घेते ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, दुपारी बारा ते दोन. (कास पठारावरचं पानसुद्धा खुडू नका. रस्त्याकडेचं तण आपल्याला पुरून उरतं.)

उन्हात पोपटी कागद आधी निळा होतो. नवखे इथेच घाई करून तो उचलतात आणि धुताना सगळा रंग वाहून जातो. निळ्यानंतर करडी, किंचित तांबूस झाक येईपर्यंत थांबायचं. माझ्या गच्चीवर याला दहा-बारा मिनिटं लागतात. मग पिवळा रंग निघून जाईस्तोवर साध्या पाण्यात धुवायचं.

पाणी कुठलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात पहिले ठसे डोळ्यांदेखत फिके पडले, कारण असं पाणी बहुधा अल्कधर्मी, म्हणजे सोड्याच्या गुणाचं असतं आणि हा निळा रंग त्यात टिकत नाही. आता पहिल्या धुण्यात थोडं व्हिनेगर घालते. याच कारणाने सुती ओढणीवर छापलं तर ती सोड्यात किंवा डिटर्जंटमध्ये बुडवायची नाही; घेणाऱ्याला हे आधीच सांगा.

पोटापाण्याचं म्हणाल, तर नुसत्या ठशांवर माझं घर चालत नाही. शाळांतल्या कार्यशाळा आणि कापडावरची कामं यांनी ते चालतं. मुलं कागद पाण्यात घालतात, रंग पालटू लागतो आणि वर्ग एकदम गप्प होतो; त्या कामाला मी कधीच नाही म्हणत नाही.

यंदा सुरुवात करणार असाल, तर श्रावणाआधी सगळी रद्दी विकू नका. महिनाभराचे पेपर बाजूला काढून ठेवा.